फुटलेली धायटी आणि न उगवलेली रोपं : वणव्यानंतर डोंगर कसा वाचावा

होळीच्या आगेमागे त्र्यंबकेश्वर, पेठ, इगतपुरीकडे रात्री प्रवास केला तर डोंगरावर लाल रेघ सरकताना दिसते. सकाळी तोच उतार काळा पडलेला असतो. पुढे पाऊस येतो, आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला आलेल्या माणसाला होळीची राख कुठेच दिसत नाही. जळलेल्या झुडपांच्या बुडातून फुटलेले धुमारे गुडघ्याच्या वर आलेले असतात. मग डोंगर जळतो आणि पुन्हा फुटतो, त्यात बिघडलं काय, असं सहज बोललं जातं.

फुटतो हे खरंच आहे. पण फुटतं ते जुनं झाड. नवं रोप त्या उतारावर जन्माला येतंय का, हे श्रावणातल्या हिरवळीत कळत नाही. दर वर्षी जळणाऱ्या उतारावर म्हातारे ठोंब, म्हणजे बुडातून पुन्हा पुन्हा फुटणारी जुनी झुडपं, तग धरून असतात आणि त्यांच्या मागे पोरंबाळं नसतात. एकेक ठोंब थकून गेला की ती जागा गवताची, नाहीतर घाणेरी (लँटाना) या परदेशी झुडपाची होते. हे फार सावकाश घडतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ते लक्षात यावं, मोजता यावं आणि वेळेवर काही करता यावं, यासाठी धायटी या एका देशी झुडपाच्या आधाराने लिहिलेला हा लेख आहे. गावातली वनव्यवस्थापन समिती, शाळेचा निसर्गगट, दर रविवारी डोंगरावर जाणारी चार मित्रमंडळी, यांपैकी कुणालाही हे काम जमेल. लागणारं सामान म्हणजे वही, मेजपट्टी, सुतळी, खुरपं आणि सर्वांत जास्त लागणारा धीर.

धायटीच का

नाशिकच्या डोंगरांवर बुडातून फुटणारी देशी झुडपं कमी नाहीत. करवंद, मुरुडशेंग, गेळा, कुडा, निरगुडी, टेंभुर्णी, शिवाय पळसाची खुरटी झाडं. यातली धायटी मी निवडली, कारण ती ओळखायला सोपी आहे, मुरमाड उतारावर आणि कातळाच्या भेगेतही असते आणि गुरं तिला फारसं तोंड लावत नाहीत. त्यामुळे तिच्यावर आगीचा परिणाम किती आणि चराईचा किती, हा गुंता थोडा कमी होतो. शिवाय तिच्या फुलांचा हंगाम आणि वणव्यांचा हंगाम अगदी एकमेकांवर पडतात.

धायटी म्हणजे संस्कृतातली धातकी, शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. मेंदी आणि आपलं राज्यफूल तामण यांच्याच कुळातली ही. उंची साधारण एक ते तीन मीटर. एकाच बुडातून अनेक लवचिक फांद्या निघून कमानीसारख्या बाहेर झुकतात. साल पातळ, तांबूस, तिचे पापुद्रे निघतात. पानं समोरासमोर, देठ जवळजवळ नाहीच, आणि पान उलटं केलं की खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके. थंडी सरत आली की फांद्यांवर लालभडक नळीसारखी फुलं लगडतात, साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. शिंजीर पक्षी दिवसभर त्यांच्याभोवती असतात आणि पोरं फुलं तोडून मध चोखतात. वाळवलेली फुलं आसव-अरिष्ट या आयुर्वेदिक औषधांच्या आंबवणीसाठी वापरतात, म्हणून काही घरांना त्यांचे चार पैसेही मिळतात. डोंगर मार्चमध्ये जळाला तर त्या वर्षीची फुलं, बी, शिंजिरांचं खाद्य आणि हे चार पैसे एका रात्रीत जातात.

जमिनीखाली काय उरतं

हातात खुरपं घेण्याआधी एवढं समजून घ्यायला हवं. आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा गवताचा आणि पाचोळ्याचा असतो. तो जमिनीलगत धावतो. ज्योत शेकडो अंश तापलेली असली तरी एका जागी मिनिटभरही थांबत नाही. माती उष्णता फार हळू खाली जाऊ देते, त्यामुळे चार-पाच सेंटिमीटर खाली बहुधा काहीच बिघडत नाही. सालीखालचा जिवंत, ओला थर मात्र साधारण ६० अंश सेल्सिअसला मरतो. जाड सालीचा पळस तिथे तगून जातो. पातळ सालीच्या धायटीची जमिनीवरची फांदी मरते.

पण बुडाशी, खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या गाठीवर, झोपलेले डोळे असतात. एरवी शेंड्याकडून येणारं संप्रेरक त्यांना दाबून ठेवतं. शेंडा मेला की तो दाब सुटतो आणि डोळे जागे होतात. मुळात साठवलेलं पिष्ट वापरून ते वर येतात. आपण त्यांना धुमारे म्हणतो. ही साठवण म्हणजे झाडाची शिदोरी. धुमाऱ्याला पानं येऊन तो स्वतः अन्न करू लागेपर्यंत याच शिदोरीवर भागवायचं असतं. नंतर पावसाळाभर पानांनी कमावलेलं पुन्हा मुळात भरायचं. भरून होण्याआधी दुसरा वणवा आला तर पुढच्या खेपेला धुमारे कमी आणि बारीक येतात. असं लागोपाठ होत राहिलं तर एखाद्या वर्षी काहीच येत नाही.

बियांतून आलेल्या रोपाची गोष्ट याहून वेगळी. धायटीचं बी धुळीसारखं बारीक असतं. पहिल्या पावसाळ्यात ओलसर सांदीत रुजलेलं रोप होळीपर्यंत जेमतेम बोटभर होतं. त्याच्याकडे गाठ नाही, शिदोरी नाही. गवत पेटलं की ते गेलं. ठोंबाला सोसणारी आग रोपाला सोसत नाही, आणि या लेखातल्या सगळ्या पायऱ्या याच फरकाभोवती फिरतात.

पायरी १ : पहिले आठ दिवस

वणवा विझल्यावर लगेच उतारावर धावू नका. जुन्या खुंटांची मुळं आतल्या आत दोन-तीन दिवस धुमसत राहतात. वरून राख दिसते आणि पाय टाकला की आत निखारा असतो. गवत जळाल्याने दगड सुटे झालेले असतात, आग्या मोहोळं चवताळलेली असतात. जाताना चामड्याचे बूट आणि अंगभर सुती कपडे घाला, सँडल नको.

त्या भागाच्या वनरक्षकाला कळवा. वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. जमीन राखीव वन असेल तर पुढची मोजणी करण्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. अंजनेरी किंवा बोरगडसारख्या संवर्धन राखीव क्षेत्रात तर ती हवीच. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदवर्गीय वनस्पती उन्हाळाभर जमिनीखाली झोपलेली असते. वर काही दिसत नाही म्हणून तिथे कुठेही खुरपं चालवलं तर जे आगीतून वाचलं ते आपल्या हातून जाईल.

या आठवड्यात फक्त फोटो काढा आणि नकाशा करा. मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवत जळलेल्या भागाच्या कडेने एक फेरी मारा. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहावरून वणव्यांच्या सूचना देते आणि कुणीही नाव नोंदवून त्या मोबाईलवर मागवू शकतो. पण उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन ३७५ मीटरचा असतो. लहान वणवे त्यात निसटतात. तुमच्या पायांनी काढलेला नकाशा म्हणूनच लागतो. गावातल्या जाणत्या माणसांना विचारून गेल्या पाच वर्षांत हा उतार कोणकोणत्या वर्षी जळाला तेही याच नकाशावर लिहा. गुराख्यांना हे बिनचूक आठवतं.

पायरी २ : आग किती कडक होती

राखेचा रंग बघा. काळी राख असेल आणि तिच्यात गवताच्या काड्यांचा, पानांचा आकार ओळखू येत असेल तर आग वरवरून गेली. पांढरी, पिठूळ राख म्हणजे तिथे बराच वेळ आणि कडक जळालं. बहुधा तिथे पडलेलं लाकूड किंवा पाचोळ्याचा ढीग असतो.

दुसरी खूण झुडपावरच असते. उभ्या राहिलेल्या काळ्या फांद्यांची टोकं तपासा. सुईसारख्या बारीक काड्या शाबूत असतील तर आग सौम्य. पेन्सिलीएवढ्या जाड टोकापर्यंत सगळं जळून गेलं असेल तर कडक. दहा ठोंबांवरच्या सगळ्यांत बारीक शिल्लक काडीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. साधं माप आहे, पण दोन उतारांची तुलना करायला उत्तम उपयोगी पडतं.

पायरी ३ : नखाची परीक्षा

साधारण दोन आठवड्यांनी पाच-सहा ठोंब निवडा. फांदीवर छातीच्या उंचीला, गुडघ्याच्या उंचीला आणि अगदी बुडाशी अशा तीन जागी नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवट आणि ओलं दिसलं तर तो भाग जिवंत. तपकिरी, कोरडं आणि सुटलेली साल म्हणजे मेलेला. धायटीत बहुधा वरच्या दोन्ही जागा मेलेल्या सापडतील. मग बुडाच्या एका बाजूची दोन बोटं माती खुरप्याने हळूच सारा, गाठीवर पुन्हा खरवडा आणि माती जशी होती तशी लोटून ठेवा. प्रत्येक ठोंबावर हे करत बसू नका. पाच-सहा ठोंबांवरून अंदाज येतो, आणि प्रत्येक खरवड म्हणजे जखमच.

गाठही कोरडी दिसली तरी 'मेलं' असं लिहू नका. काही ठोंब पावसाआधीच फुटतात, काही पहिल्या पावसानंतर, काही त्याहून उशिरा. कोजागिरीपर्यंत वाट बघा. तोपर्यंत काहीच आलं नाही तर ठोंब मेला असं धरायचं.

वाट न बघता काय होतं ते मी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका जळालेल्या उतारावर जून उजाडताच रोपं लावायला गेलो. काळे खुंट मेलेलेच आहेत असं गृहीत धरून त्यांच्याच जागी खड्डे घेतले, कारण तिथे माती खोल होती. पहारीखाली लालसर, ओल्या गाठी तुटत होत्या आणि त्या काय आहेत हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. लावलेली रोपं पुढच्या उन्हाळ्यात वाळली. जे आपोआप येणार होतं तेही गेलं. त्या गाठी आजही डोळ्यांसमोर येतात.

पायरी ४ : तीस ठोंबांची वही

जळालेल्या उतारावर धायटीचे तीस ठोंब निवडा आणि शेजारच्या, साधारण त्याच दिशेच्या, न जळालेल्या उतारावर आणखी तीस. निवड करताना चांगले दिसणारे ठोंब उचलण्याचा मोह होतो. तो टाळायला सुतळी सरळ ताणा आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरांत येणारे ठोंब ओळीने घ्या. प्रत्येकाजवळच्या दगडावर रंगाने क्रमांक टाका. खुंटावर तार आवळू नका, धुमारे जाड झाले की ती रुतते.

प्रत्येक ठोंबासाठी वहीत लिहायचं ते असं : जळालेल्या जुन्या फांद्या किती, त्यांतल्या सर्वांत जाड फांदीची बुडाशी जाडी, जिवंत धुमारे किती, सर्वांत उंच धुमाऱ्याची उंची आणि जाडी, शेंडा खाल्लेला आहे का, फुलं किंवा बोंडं आहेत का. वर्षात पाच फेऱ्या पुरतात. चैत्र संपताना, मृगाच्या आधी, पोळ्यानंतर, कोजागिरीला आणि पुढच्या माघात, म्हणजे वणव्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी.

जुन्या खुंटाची जाडी आणि नव्या धुमाऱ्याची जाडी शेजारी-शेजारी लिहिण्यामागे कारण आहे. आगीनंतर किती वर्षं उतार जळू द्यायचा नाही, असा एकच आकडा सगळ्या डोंगरांना लागू पडत नाही. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या आसपास. दोन्हीकडची धायटी एकाच वेगाने कशी सावरेल? त्यापेक्षा ठोंबालाच विचारावं. नवा धुमारा जुन्या खुंटाएवढा जाड झाला, त्यावर फुलं येऊन बोंडं धरली, की शिदोरी बरीचशी भरली असं मी मानतो. तीस ठोंबांपैकी निम्मेही तिथे पोचले नसतील तर तो उतार अजून दुबळा आहे.

वही वाचताना एक चूक नेहमी होते. समजा तीसपैकी सत्तावीस ठोंब फुटले. नव्वद टक्के, म्हणजे छान, असं वाटतं. पण त्याच सत्तावीस ठोंबांवर आगीआधी सरासरी आठ फांद्या होत्या आणि आता तीनच धुमारे असतील, तेही करंगळीपेक्षा बारीक, तर ठोंब जगले आहेत एवढंच म्हणता येईल. उलट बाजूही आहे. पहिल्या पावसाळ्यात कधीकधी एका गाठीतून वीस-पंचवीस धुमारे एकदम येतात. ते पाहून हरखू नका. त्यातले बरेचसे आपापसात मरतात आणि थोडेच टिकतात. म्हणून पहिल्या कोजागिरीपेक्षा दुसऱ्या कोजागिरीचा आकडा जास्त महत्त्वाचा.

पायरी ५ : रोपं शोधा

सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत मोलाचं काम हे. पोळ्यानंतर, गवत पूर्ण वाढायच्या आत, दोन मीटर बाय दोन मीटरचे सुतळीचे चौकोन टाका. जळालेल्या उतारावर पंचवीस, न जळालेल्यावर पंचवीस, म्हणजे दोन्हीकडे शंभर-शंभर चौरस मीटर. प्रत्येक चौकोनात गुडघ्यावर बसून गवत हाताने बाजूला करत धायटीचं रोप शोधायचं.

रोप आणि धुमारा यांत गल्लत होते, विशेषतः जुनी गाठ मातीखाली दडलेली असली की. पाहायचं ते असं. रोप एकटं असतं, एका दांड्याचं, आणि बुडाजवळची माती थोडी सारली तर खाली निमुळतं, दोऱ्यासारखं मूळ दिसतं. धुमारा जमिनीपाशीच जाड असतो, पानं मोठी आणि तजेलदार असतात, आणि माती सारली की बोटाला कठीण गाठ लागते. बहुधा शेजारी कोळशासारखा खुंटही असतो. शंका आली तर उपटून बघू नका, वहीत प्रश्नचिन्ह टाका.

ओल धरणाऱ्या जागा आवर्जून पाहा. कातळाच्या भेगा, दगडाची सावलीची बाजू, ओहोळाचा काठ. तिथे गवत विरळ असल्यामुळे आगही कमी पोचते, त्यामुळे वाचलेली दोन-तीन वर्षांची रोपं सापडलीच तर अशाच ठिकाणी सापडतात. तिथे सापडली आणि मोकळ्या उतारावर एकही नाही, असं चित्र दिसलं तर बी पडतंय आणि रुजतंयही, पण आग त्याला मोठं होऊ देत नाही, हे जवळजवळ नक्की. भेगांतही नसतील तर बीच पडत नसावं. दर वर्षी फुलोऱ्यातच आग लागत असेल किंवा सगळी फुलं तोडून नेली जात असतील. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात आग रोखायची, दुसऱ्यात फुलं तोडणाऱ्यांशी बोलून दर ठोंबावरच्या काही फांद्या बोंडांसाठी राखायच्या.

पायरी ६ : पहिला पावसाळा

काळ्या फांद्या तोडून उतार 'स्वच्छ' करू नका. त्या काटेरी कुंपणासारख्या धुमाऱ्यांना आडोसा देतात आणि पाखरं त्यांवर बसून इतर झाडांचं बी टाकतात. खड्डे घ्यायचेच असतील तर कुठल्याही खुंटापासून दीड-दोन मीटर लांब. जेसीबी तर मुळीच नको. सलग समतल चरांसाठी (पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर) एकदा यंत्र फिरलं की गाठी उघड्या पडतात.

पहिल्या वळवाने राख आणि माती दोन्ही वाहून जातात. त्यासाठी पडलेल्या काटक्या आणि सुटे दगड समतलात आडवे लावा, वीतभर उंचीचे. खोदायची गरज नाही.

घाणेरी मात्र याच वेळी काढा. तीही बुडातूनच फुटते आणि धायटीपेक्षा वेगाने. चौकोनी काटेरी दांडा आणि चुरगळलं की येणारा उग्र वास यांवरून तिचे कोवळे धुमारे ओळखू येतात. वरून कापून उपयोग नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे : मातीखाली काही बोटं, गाठीच्या खाली, मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळत ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. डोळे असलेली गाठच काढून टाकली तर फुटणार कुठून? जिवंत राहण्याची जी युक्ती धायटीत आपण जपतो, तीच घाणेरीत मोडायची आहे.

चराईबद्दल. धायटीला गुरं टाळत असली तरी तिच्याशेजारचे करवंद, बोर, आपटा यांचे कोवळे धुमारे शेळ्या अगदी बुडापर्यंत खातात, आणि तेवढ्या उन्हाळी टंचाईत धायटीचे शेंडेही सुटत नाहीत. 'चराईबंदी' असा फलक लावून काही होत नाही. शेळ्या राखणाऱ्या मामा-मावशींसोबत बसा, आणि एका पावसाळ्यापुरता हा एक उतार सोडून द्यायचं, त्या बदल्यात दिवाळीनंतर तिथलं गवत कापून न्यायचं, असं ठरवा. कापून नेलेलं गवत पेटत नाही, त्यामुळे यात दोघांचंही भलं आहे.

जाळलं की गवत चांगलं येतं, याबद्दल

हे पुष्कळ जण मनापासून मानतात आणि त्यात तथ्य नाही असं नाही. जुना वाळका थर गेल्याने कोवळं गवत लवकर दिसतं. पण दर वर्षी जाळून आणि चारून पवन्या, डोंगरी, मारवेल ही गुरांची आवडती गवतं मागे हटतात आणि कुसळी वाढते. कुसळीची कुसळं गुरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात, ती पक्व झाल्यावर चारा म्हणून कुचकामी. ज्या डोंगराला दर होळीला आग लागते तिथे कार्तिकात फिरून कपडे बघा. किती कुसळं अडकली यावरूनच उत्तर मिळतं.

ठरवून केलेली जाळणी

इथे सावध राहायला हवं. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. हेतू कितीही चांगला असला तरी कुणा गटाने स्वतःच्या अकलेने डोंगर जाळायचा नाही. महाराष्ट्रात वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात आणि त्याआधी वनविभाग जाळरेषा घेतो. वनहक्क कायदा, २००६ नुसार ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथल्या ग्रामसभांना जंगल राखण्याचा अधिकार आहे. त्यांनीही जाळरेषा वनविभागाच्या सोबतीनेच घ्यावी.

जाळरेषा म्हणजे ठरावीक रुंदीची पट्टी, जिथे गवत आधी कापून मधोमध पसरतात, वाळवतात आणि वारा पडलेल्या वेळी माणसं दोन्ही बाजूंना उभी करून जाळतात. पुढे येणाऱ्या वणव्याला तिथे खायला काही उरत नाही. आग नेहमी वरून खाली, वाऱ्याच्या उलट सरकेल अशी लावतात. खालून वर गेलेली आग उतारावर पळत सुटते.

आता धायटीच्या दृष्टीने. जानेवारीत जाळरेषा घेतली की तिथली धायटी ऐन फुलोऱ्यात सापडते. म्हणून रेषा आखतानाच दाट धायटीचे पट्टे टाळा, रेषा पायवाटेला, कातळाला किंवा ओहोळाला धरून न्या. टाळता येत नसेल तर ठोंबाभोवती हातभर गवत आधी खरवडून बाहेर काढा. पट्टीत दर वर्षी जाळण्याऐवजी गवत कापून उचलून नेणं शक्य असेल तर तेच करा. मजुरी जास्त लागते, तरी मी त्याच बाजूचा आहे.

मग सौम्य जाळणी संपूर्ण उतारावर केली तर? झुडपं जाळण्याच्या हंगामावर जगात बराच अभ्यास झाला आहे. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर चमीज नावाचं देशी झुडूप बुडातूनही फुटतं आणि आगीनंतर बियांतूनही उगवतं. तिथला नैसर्गिक वणवा उन्हाळ्याच्या शेवटी, कोरड्या मातीत लागतो. माणसांनी सोयीसाठी ओल्या हंगामात, वसंताच्या सुमारास जाळणी केली तेव्हा दोन नुकसानं दिसली. वाढीत खर्ची पडून मुळातली शिदोरी तळाला गेलेली असल्याने जुनी झुडपं जास्त मेली, आणि ओल शोषलेलं बी कमी तापमानालाच मेलं. आग तीच, झुडूप तेच, महिना बदलला की निकाल बदलतो.

जवळचं उदाहरण कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरांचं. तिथले सोलिगा लोक हंगामाच्या सुरुवातीलाच 'तरगु बेंकी', म्हणजे पाचोळ्याची सौम्य आग लावत. अभयारण्य झाल्यावर ती बंद झाली आणि घाणेरी माजली, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते गांभीर्याने घेतलं जातं. पण त्या आगीमागे पिढ्यांची माहिती होती : कुठे, कधी, किती. आपल्या नाशिकच्या डोंगरांवर सध्या लागणारी आग तशी नाही. ती मार्च-एप्रिलमध्ये लागते, जेव्हा गवत कडकडीत वाळलेलं असतं आणि झुडपं साठवण खर्चून नवी पालवी काढण्याच्या बेतात असतात. शिवाय तोच उतार पुन्हा पुन्हा जळतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : धायटीसाठी म्हणून कुठेही जाळू नये. जाळायची ती फक्त रेषा, आणि तीही डोंगर वाचवण्यासाठी.

आग सुटते कुठून

वही कितीही नीट ठेवली तरी पुढच्या वर्षी तोच उतार जळणार असेल तर ती फक्त मृत्यूची नोंद होईल. पश्चिमेकडच्या पट्ट्यात भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा पसरून रोपांची जागा जाळून घेतात. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. दोन्ही कामं पोटाची आहेत, त्यांना नावं ठेवून चालणार नाही. राबाभोवती दोन हात पट्टी खरवडून, हाताशी पाण्याचे हंडे आणि हिरव्या डहाळ्या ठेवून, सकाळी वारा सुटायच्या आत भाजायचं. मोहाखाली जाळण्याऐवजी जुन्या साड्या किंवा शेडनेट अंथरलं तर फुलं स्वच्छ मिळतात आणि वाळवायलाही सोपी जातात. ज्या घरांकडे मोहाची झाडं आहेत त्यांना गटाच्या खर्चाने जाळ्या देणं हा रोपं विकत आणण्यापेक्षा चांगला खर्च आहे. ट्रेकला येणाऱ्यांची विडी-काडी आणि रात्रीची शेकोटी यांवर मात्र पायथ्यालाच लक्ष ठेवावं लागेल.

पुढच्या माघात

जानेवारी संपताना पाचवी फेरी असते. तेव्हा वहीतली तीन पानं शेजारी उघडा : ठोंबांची जाडी, रोपांचे चौकोन आणि जुन्या आगींचा नकाशा. ज्या भागात रोपं सापडली, तो कितीही लहान असला, त्यावर नकाशात हिरवी खूण करा आणि ती जागा वनरक्षकाला प्रत्यक्ष नेऊन दाखवा. जाळरेषा सगळ्या डोंगराला वेढा घालू शकत नाही, माणसं तेवढी नसतात. तेव्हा पहिली रेषा त्या हिरव्या खुणांभोवती घ्यायला सांगा. मग १५ फेब्रुवारीपर्यंत गवत कापून, उचलून, वाडीवर पोचलेलं असलं पाहिजे, आणि होळीच्या आधीच्या चार रात्री कोण कुठे जागणार याची यादी वाडीच्या पारावर लागलेली असली पाहिजे.